आमची वाटचाल : काचेवर उभे केलेले दगड

खाऱ्या पाण्याच्या नव्या रीफ टाकीत, म्हणजे जिवंत प्रवाळ वाढवण्याच्या टाकीत, पाणी भरण्यापूर्वी दगडांची रचना करून देणे, एवढे एकच काम आमची फर्म गेली १६ वर्षे करीत आली आहे. टाक्या, दिवे, स्किमर (फेसाबरोबर पाण्यातला मळ काढणारे यंत्र) आणि मासे विकणारे पुष्कळ आहेत. केवळ दगड रचणारे मात्र फार थोडे आहेत, आणि ‘त्यात एवढे काय अवघड आहे’ हा प्रश्न आम्हाला पहिल्या दिवसापासून आजपर्यंत ऐकावा लागलेला आहे. दिवा बदलता येतो आणि स्किमरही बदलता येतो. परंतु प्रवाळ धरलेली रचना पुन्हा उचलणे म्हणजे उभी टाकी मोडणे होय, हे ज्यांनी एकदा अनुभवले आहे ते तो प्रश्न विचारीत नाहीत.

सुरुवात आम्ही दोघांनी केली. माझे भागीदार पाथरवटाच्या घराण्यातले होते आणि मासे त्यांना फारसे कळत नसत. दगड मात्र कळत. त्या काळी गॅलनला एक ते दोन पौंड लाइव्ह रॉक, म्हणजे जीवजंतू वसलेला समुद्रातला सच्छिद्र दगड, हा सर्वांचा हिशेब असे, आणि तो मागच्या काचेला टेकवून भिंतीसारखा रचण्याची पद्धत होती. त्या भिंतीमागे प्रवाह पोहोचत नसे, गाळ साठत असे आणि वर्षभरात त्या कुजणाऱ्या गाळातून येणारे नायट्रेट वाढू लागे. भागीदार प्रत्येक दगड हातात घेऊन तो तीन ठिकाणी टेकतो की नाही एवढे आधी पाहत आणि मगच त्याच्या रूपाचा विचार करीत. तीन पाय सापडलेला दगड डळमळत नाही; दोनच पाय असलेल्याला छिन्नीने तिसरा काढून द्यावा, हा त्यांचा परिपाठ आम्ही आजही सोडलेला नाही.

त्यांची अर्ध्या इंचाची छिन्नी आमच्या पेटीत अजून आहे. तिच्याबरोबर लहान हातोडा, गवंडीकामाचे बिट लावलेले ड्रिल, ॲक्रिलिकच्या कांड्या, जेलसारखा घट्ट सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद आणि दोन भागांची इपॉक्सी पुट्टी एवढाच आमचा सरंजाम आहे. नुसत्या पुट्टीवर भरवसा ठेवू नये. ती सच्छिद्र दगडाला वरवर चिकटते आणि पुढे सबंध गोळाच सुटून येतो. पुट्टीच्या दोन्ही अंगांना जेल लावून मग दगड दाबून धरावेत आणि सांध्यावर त्याच दगडाचा भुगा भुरभुरावा, म्हणजे सांधा पक्का होतो आणि डोळ्यांना दिसतही नाही. चालू टाकीत पुट्टी वापरल्यास स्किमर काही काळ वेड्यासारखा फेस उसळवतो, म्हणून त्याचा फेस साठवणारा कप रिकामा करून हवा थोडी कमी ठेवावी. जे सांधे सिमेंटने करावे लागतात ते गोड्या पाण्यात काही आठवडे भिजवून, पाणी बदलत राहून, पीएच उतरल्यावरच टाकीत न्यावेत.

दगड कोरडा असताना स्थिर वाटला म्हणजे झाले, ही समजूत आम्हीही प्रारंभी बाळगली होती. या दगडांतील अ‍ॅरागोनाइट या खनिजाची घनता पाण्याच्या पावणेतीन पटींहून अधिक असली, तरी समुद्राच्या पाण्यात त्याचे वजन सुमारे एकतृतीयांशाने कमी भासते, त्यामुळे जो दगड केवळ आपल्या भाराने जागेवर बसलेला होता तो एखाद्या समुद्री अर्चिनच्या (काटेरी गोळ्यासारख्या प्राण्याच्या) धक्क्यानेही सरकतो. म्हणून भाराच्या जोरावर उभी राहणारी रचना आम्ही करीत नाही. तळाचा दगड थेट काचेवर किंवा काचेवर अंथरलेल्या प्लॅस्टिकच्या जाळीवर बसतो, त्यानंतरच वाळू येते, आणि ती दगडाच्या भोवती पसरली जाते, त्याच्याखाली कधीही नाही. या एका नियमामुळेच आमची फर्म वाचली, आणि हाच नियम दुसऱ्याने मोडल्यामुळे ती बुडण्याच्या बेतात आली होती.

सातव्या वर्षी आम्ही एका ६ फुटी टाकीत दोन बेटांची रचना केली होती. काम संपल्यावर टाकीची देखभाल दुसऱ्या एका फर्मकडे गेली, त्याविषयी आमची तक्रार नव्हती. त्यांना एक भांडखोर डॅमसेल मासा बाहेर काढायचा होता आणि दगड हलवल्याशिवाय तो हाती लागेना, तेव्हा त्यांनी डावे बेट सबंध उचलले, मासा पकडला आणि बेट परत ठेवताना मध्ये पसरलेल्या वाळूवरच ठेवून दिले. त्यानंतर त्यांनीच त्या टाकीत इंजिनियर गोबीची जोडी सोडली. हा मासा लहानपणी पट्ट्यापट्ट्यांचा आणि देखणा असतो. मोठा झाला की वामेसारखा लांब होतो आणि तोंडाने वाळू वाहून दगडांखाली बोगदे खणतो, हे त्याच्या नावावरूनही कळावे. चार महिन्यांनी एका रात्री ते बेट पुढच्या काचेवर कलले, खालचा कोपरा तडकला आणि सकाळपर्यंत बहुतेक पाणी जमिनीवर होते.

टाकीखालच्या कपाटावर आमच्या नावाची पट्टी होती, त्यामुळे दोष आमच्याकडे आला. त्या फर्मने टाकीच्या मालकांना लेखी कळवले की दगडांचे सांधे कच्चे होते, आणि हेच ती आमच्या प्रत्येक संभाव्य ग्राहकाला तोंडी सांगत राहिली. पुढच्या दोन महिन्यांत आमची ११ कामे रद्द झाली. हाताखालच्या दोघांना आम्हाला थांबवावे लागले, आणि त्याच वर्षी भागीदारांनी प्रकृतीच्या कारणाने काम सोडले. कारण प्रकृतीचे होते, तरी त्या आरोपाने त्यांना किती लागले होते हे मी जवळून पाहिलेले आहे.

वस्तुस्थिती अशी होती की पडलेले बेट एकसंध होते. त्यातील एकही सांधा उकललेला नव्हता. सबंध बेट बुडासकट कलंडले होते. शिवाय आम्ही प्रत्येक दगडाच्या तळाला पेन्सिलीने क्रमांक घालतो आणि वाळू पडण्यापूर्वी कोरड्या टाकीचे चारही बाजूंनी छायाचित्र घेतो. त्या छायाचित्रात डाव्या बेटाचे तिन्ही पाय उघड्या काचेवर टेकलेले स्पष्ट दिसत होते. मालकांना ते पटले आणि त्यांनी नवी रचना आमच्याकडूनच करून घेतली. आरोप करणाऱ्यांनी मात्र आपले शब्द आजतागायत मागे घेतलेले नाहीत, आणि इतकी वर्षे लोटली तरी ती गोष्ट मला विसरता आलेली नाही.

त्या दिवसांत एकच काम रद्द झाले नाही. निवृत्त झालेल्या एक चित्रकला शिक्षिका होत्या, त्यांना आम्ही सगळे बाईच म्हणतो. मी स्वतः दूरध्वनी करून घडलेले सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, “तुम्ही ठरल्या दिवशी या. कसे रचता ते मी समोर बसून बघेन, म्हणजे कोणी विचारले तर मला सांगता येईल.” त्या खरोखरच दोन दिवस स्टुलावर बसून होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मधला एक सुरेख दगड काढून टाकायला लावला, कारण त्यामुळे दोन बेटांमधली मोकळी जागा बुजत होती. मला तो निर्णय त्या वेळी रुचला नाही. वेव्हमेकर (टाकीत प्रवाह निर्माण करणारा पंप) सुरू झाल्यावर त्याच फटीतून प्रवाह आरपार जाऊ लागला आणि मागच्या कोपऱ्यात गाळ बसेना, तेव्हा पटला.

त्यानंतरची वर्षे सुरळीत गेली, त्यांबद्दल लिहिण्यासारखे थोडे आहे. लाइव्ह रॉकऐवजी आता बहुधा कोरडा दगड येतो, त्यामुळे दगडातून अनाहूत येणारे मँटिस श्रिंप (शिकारी कोळंबीसारखा प्राणी) आणि एप्टेशिया (भराभर वाढणारे उपद्रवी समुद्रफूल) यांचा त्रास उरलेला नाही, परंतु जुन्या रीफचा कोरडा दगड फॉस्फेट सोडतो. तो आधी आरओच्या पाण्यात भिजवून, ते पाणी तपासूनच घ्यावा. नव्याने टाकी करणाऱ्यांना आणखी इतकेच सांगतो की दगड आणि काच यांच्यामध्ये चुंबकाचा घासा सहज फिरेल एवढे अंतर चारही बाजूंनी ठेवावे. वरच्या टोकाला अ‍ॅक्रोपोरासाठी (एक फांद्यांचे प्रवाळ) सपाट ओटे सोडावेत. आणि झेनिया किंवा ग्रीन स्टार पॉलिप हे भराभर पसरणारे प्रवाळ लावायचेच असतील तर त्यांना वाळूत वेगळा एकटा दगड द्यावा, कारण मुख्य रचनेवर ते एकदा चढले की उतरवता येत नाहीत. नव्या टाकीच्या पाण्यातले विषारी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत, म्हणजे सामान्यतः चार ते सहा आठवडे, रचनेला हात लावू नये.

मागील वर्षी बाईंनी मोठी टाकी घेतली आणि जुनीच रचना तिच्यात हवी म्हणाल्या. जुने छायाचित्र समोर ठेवून आम्ही क्रमांकाप्रमाणे दगड उचलू लागलो. ७ आणि ८ क्रमांकाच्या सांध्यावरून माँटिपोरा प्रवाळाचा जाड थर पसरलेला होता आणि ते दोन दगड आता वेगळे होत नव्हते. नव्या नोंदवहीत आम्ही त्यांना मिळून एकच क्रमांक दिला आहे.