तुम्ही विचारलंत म्हणून: चारमँडर घेतला, तर ब्रॉकला हरवायचे कसे?

नात्यातली मुले आणि अलीकडे त्यांचे पालकही मला एक प्रश्न हमखास विचारतात. ‘पोकेमॉन फायररेड खेळायला घेतला आहे. चारमँडर आवडतो, पण तो घेतला की पहिल्याच जिममध्ये अडकायला होते, असे सगळे सांगतात. तुम्ही तर नेहमी चारमँडरच घेता, मग ब्रॉकला हरवता कसे?’ तोंडी उत्तर देताना निम्मे सांगायचे राहून जाते, म्हणून ते इथे सविस्तर लिहीत आहे.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. पोकेमॉन म्हणजे या खेळातले काल्पनिक प्राणी; त्यांना पकडायचे, वाढवायचे आणि एकमेकांशी लढवायचे. जिम म्हणजे अशा लढतींचा आखाडा. जपानमध्ये १९९६ साली पोकेमॉनचे ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ हे पहिले दोन खेळ आले, आणि त्यांतल्या ‘रेड’चा गेम बॉय अ‍ॅडव्हान्स या हातात धरून खेळायच्या यंत्रावरचा नवा अवतार म्हणजे २००४ सालचा फायररेड. सुरुवातीला प्रोफेसर ओक आपल्यासमोर तीन पोकेमॉन ठेवतात: गवताचा बल्बासॉर, पाण्याचा स्क्वर्टल आणि आगीचा चारमँडर. खेळातल्या प्यूटर सिटी या गावाच्या जिममध्ये बसलेल्या ब्रॉककडे जिओड्यूड आणि ऑनिक्स असे दोन पोकेमॉन असतात आणि ते दोघेही दगड व जमीन या दोन्ही प्रकारांत मोडतात. त्यांच्यावर पाण्याचा किंवा गवताचा मारा चौपट बसतो आणि आगीचा निम्माच. त्यामुळे मुले ऐकून आलेली असतात ते खोटे नाही.

मी स्वतः पहिल्यांदा हरलो तो प्रसंग मला स्पष्ट आठवतो. मामेभावाने दिवाळीच्या सुट्टीपुरता दिलेला गेम बॉय अ‍ॅडव्हान्स होता, त्याच्या पडद्याला स्वतःचा उजेड नसल्यामुळे मी खिडकीला पाठ लावून बसलो होतो, आणि अकराव्या लेव्हलचा चारमँडर घेऊन जिममध्ये शिरलो होतो. ऑनिक्सवर स्क्रॅच मारला, म्हणजे नुसते ओरखडले, तर त्याची उरलेली ताकद दाखवणारी हिरवी पट्टी केसभरच सरकली. पुन्हा मारला, पुन्हा तेवढीच सरकली. मग ऑनिक्सने रॉक टूम वापरून दगड कोसळवले आणि दोनच वारांत माझा चारमँडर आडवा झाला.

ते असे का झाले, हे मला बऱ्याच उशिरा कळले, आणि तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर त्यातच आहे. प्रत्येक पोकेमॉनला दोन प्रकारचे संरक्षण असते. अंगावर येणारा वार अडवणारे ते डिफेन्स आणि आग, पाणी, वीज यांसारखा मारा अडवणारे ते स्पेशल डिफेन्स. ऑनिक्सचे मूळ डिफेन्स तब्बल १६० आहे, पण स्पेशल डिफेन्स केवळ ४५. म्हणजे तो दिसतो भिंतीसारखा, पण ती भिंत एकाच बाजूने बांधलेली आहे. फायररेडमध्ये आगीचा मारा स्पेशल गणला जातो. त्यामुळे चारमँडरचा एम्बर, म्हणजे ठिणग्यांचा मारा, निम्मा होऊनही ऑनिक्सला स्क्रॅचपेक्षा कितीतरी जास्त लागतो. मी मात्र ‘आग निम्मी बसते’ एवढेच डोक्यात धरून ओरखडत राहिलो होतो. १९९६ च्या मूळ खेळात तर चारमँडरवाल्यांची भिस्त एम्बरवरच असे.

फायररेडमध्ये आणखी एक सोय केलेली आहे. तेराव्या लेव्हलला चारमँडर मेटल क्लॉ शिकतो. हा पोलादी पंजा दगडावर दुप्पट बसतो. ऑनिक्सचे अवाढव्य डिफेन्स त्यातला बराच भाग खाऊन टाकते, म्हणून मेटल क्लॉ एम्बरपेक्षा सरस ठरला तरी फरक वाटतो तेवढा मोठा नसतो. जिओड्यूडवर मात्र त्याचा परिणाम लगेच दिसतो.

लेव्हल वाढवण्यासाठी व्हिरिडियन फॉरेस्टसारखी दुसरी जागा नाही. तिथले मेटापॉड आणि ककूना हे कोश हार्डनशिवाय काहीच करत नाहीत. हार्डनने त्यांचे कवच दर खेपेला टणक होते, पण ते फक्त अंगावरच्या वारांपुरते. एम्बरला त्याचा काहीच अडथळा नसतो, शिवाय किड्यांवर आग दुप्पट बसते. घाई करणारी मुले या जंगलातून धावत बाहेर पडतात आणि मग ब्रॉकपाशी रडकुंडीला येतात. मला तर ते जंगलच या खेळातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. खेळाचे जनक सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे पकडण्याचा नाद होता, आणि त्या उंच गवतातून पावले टाकताना ते जाणवल्यावाचून राहत नाही.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप करण्यापेक्षा बल्बासॉर घ्यावा. जरूर घ्यावा, तो उत्तम पोकेमॉन आहे. मला मात्र चारमँडरचा लळा आहे. त्याचे जपानी नाव हितोकागे, म्हणजे आग आणि सरडा हे दोन शब्द एकमेकांत मिसळून केलेले. त्याच्या शेपटीच्या टोकावर जन्मापासून ज्योत जळत असते आणि ती विझली तर त्याचे प्राण जातात, असे पोकेडेक्समध्ये, म्हणजे खेळातल्या पोकेमॉनच्या माहितीकोशात, लिहिलेले आहे. ते वाचल्यापासून त्याला लढाईत उतरवताना मी दोनदा विचार करतो. म्हणूनच दुसऱ्या जिममध्ये मिस्टीच्या स्टारमी या पाण्याच्या पोकेमॉनसमोर मी त्याला कधीच पाठवत नाही. ते काम जंगलात पकडलेल्या, विजेच्या पिकाचूचे.

आता त्या सुट्टीतल्या दुसऱ्या लढतीविषयी. या खेपेला मी सोळाव्या लेव्हलपर्यंत थांबलो होतो, त्यामुळे चारमँडरचा चारमेलियन, म्हणजे त्याचे पुढचे मोठे रूप, झाला होता. स्क्रॅच, ग्राउल, एम्बर आणि मेटल क्लॉ अशा डावपेचांच्या चारही जागा भरलेल्या होत्या. ग्राउल म्हणजे नुसते गुरगुरणे, म्हणून मुले ते हटकून विसरायला लावतात. तसे करू नका, कारण ग्राउलने समोरच्याच्या हल्ल्याचा जोर उतरतो आणि रॉक टूम सोसण्याजोगा होतो. जिओड्यूड मेटल क्लॉने पडला. ऑनिक्स समोर येताच मी आधी एकदा ग्राउल केले आणि मग लागोपाठ दोन मेटल क्लॉ मारले. त्याची पट्टी पिवळी झाली, पण तोवर त्याचे तीन रॉक टूम माझ्यावर बसले होते, चारमेलियनची पट्टी लाल होऊन पीं-पीं वाजत होती आणि आणखी एक वार तो झेलू शकणार नव्हता. आता पुन्हा मेटल क्लॉच मारायचा, असे वाटत होते. पण आगीच्या या पोकेमॉनमध्ये ब्लेझ नावाचा गुण असतो: ताकद एक तृतीयांशावर किंवा त्याखाली आली, की त्याच्या आगीचा मारा दीडपट होतो. मामेभावाने ते मला आदल्या रात्री सांगितले होते. मी एम्बर निवडला. रॉक टूमने चारमेलियनचा वेग मंदावलेला असल्याने आधी ऑनिक्सचा वार आला, आणि तो चुकला. मग ठिणग्या उडाल्या, पिवळी पट्टी लाल झाली आणि रिकामी होईपर्यंत सरकतच राहिली.