वाचल्याशिवाय सही नाही

जर्मनीत आम्ही घेत असलेल्या घराच्या खरेदीखताचा मसुदा दोन आठवडे आधीच हातात आला होता. तरी डुसेलडॉर्फच्या त्या नोटारनं तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचला, पारायणाला बसल्यासारखा. कायदाच तसा आहे. सांडपाण्याची पाइपलाइन, शेजाऱ्याचा वाटेचा हक्क, पैसे कधी भरायचे, काही सोडलं नाही. वर दुभाषी बाई प्रत्येक परिच्छेद इंग्रजीत सांगणार, म्हणजे वेळ दुप्पट. नवरा टेबलाखालून पाय दाबत होता. कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेले आपले नोटरी डोळ्यांसमोर आणू नका. हा सरकारनं नेमलेला कायदेतज्ज्ञ, ना आमचा, ना विकणाऱ्याचा.

सही झाली तरी घर आपलं होत नाही. ग्रुंडबुख नावाच्या नोंदवहीत नाव चढलं की मालकी, आणि तिथल्या नोंदीवर विसंबून घर घेणाऱ्याला कायदा सांभाळतो. आपल्या सातबाऱ्याला हे भाग्य नाही. नुसत्या फेरफारानं मालकी मिळत नाही, हे सुप्रीम कोर्टानं कितीदा सांगितलंय. म्हणून तर घर घेताना ३० वर्षांच्या व्यवहारांचा सर्च रिपोर्ट काढायचा. पण सातबारा कुणीही मोबाइलवर बघू शकतो. इथे सबळ कारण दाखवल्याशिवाय शेजाऱ्याचं पान उघडत नाही. (आमच्या गावाला हे झेपलं नसतं.)

मग मृत्युपत्राचा विषय निघाला. इथे बापानं लेकीला वगळलं, तरी एरवी मिळाला असता त्या हिश्शाच्या निम्मी रक्कम ती रोख मागू शकते. गोव्यातही पोर्तुगीज काळापासून निम्मी मिळकत मुलांसाठी राखीव. आपल्याकडे स्वकष्टाचं घर बाबा कुणालाही देऊ शकतात.

आमचे बाबा मृत्युपत्र न करताच गेले. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानं आई, दादा आणि मी, तिघांचा सारखा वाटा. मी हक्कसोडपत्र करून दिलं. सबरजिस्ट्रारकडे फोटो, अंगठा, झालं. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "मोबदला किती?" मला रागच आला. आईचं सगळं वहिनी करते, मी इथून फोन करते. हे कुठल्या रकान्यात भरायचं?

युरोपच्या नियमानं आम्ही इथे राहतो म्हणून आमच्या मागे जर्मन वारसा कायदाच लागणार. भारतीय हवा असेल तर मृत्युपत्रात तसं लिहावं लागतं. नवरा म्हणतो, भारतीयच लिहू, हात मोकळे राहतात. मी म्हटलं, नको, जर्मनच राहू दे. आपल्याला मुलगी आहे.