आईच्या आवाजाची पट्टी

जुन्या कॅसेटवरचे मुद्रण डिजिटल स्वरूपात उतरवून देणे हा माझा व्यवसाय आहे. बहुतेक लोक कॅसेट ठेवून जातात आणि काम झाल्यावर नेतात. ती पंधरा वर्षांची मुलगी मात्र माझ्या शेजारी बसून राहिली. वर्षभरापूर्वी आई गेल्यापासून तिने व्हायोलिनला हात लावलेला नाही, एवढे सोबतच्या मावशीने मला बाजूला घेऊन सांगितले. कपाटात सापडलेल्या त्या कॅसेटवर आईचे फक्त माहेरचे नाव होते.

फीत हेडला टेकून राहावी म्हणून आत असणारी स्पंजाची इवलीशी गादी गळून पडली होती, त्यामुळे आधी ती फीत दुसऱ्या कवचात बसवावी लागली. मग ऐकू आला व्हायोलिनचा सराव आणि अधूनमधून दोघांचे चिरके बोलणे. मुलीला दोन्ही आवाज अनोळखी वाटले. मुद्रणात विजेची बारीक गुणगुण उतरली होती आणि अशी गुणगुण आमच्या कामात फार मोलाची असते, कारण वीजपुरवठा 50 हर्ट्झचा असताना ती येथे 52 च्या आसपास दिसत होती. याचा अर्थ मूळ रेकॉर्डर सावकाश फिरत होता आणि आता सारे काही चार टक्के जलद, चढ्या पट्टीत वाजत होते. वेग दुरुस्त करून फीत पुन्हा लावली. वाजवणारी एका चुकीवर स्वतःशीच हसली आणि मुलगी ताठ बसली.

"ही आई आहे. आईला व्हायोलिन येत होतं?"

"आणि ते माझे बाबा, तुझे आजोबा," मावशी म्हणाली. "ते गेले आणि ताईनं वाजवणं सोडलं ते कायमचं. पुढे घरात कुणी तो विषयच काढला नाही. तू शिकायला लागलीस तेव्हा तिनं मला मुद्दाम फोन करून सांगितलं होतं."

मुलगी बराच वेळ रडली. मी फीत थांबवली नाही; तसे तिनेच सांगितले होते. दुःख एका ऐकण्याने सरते असे मी मुळीच मानत नाही, परंतु आजोबांचे "पुन्हा. घाई नको" ऐकू आले की तिच्या डाव्या हाताची बोटे टेबलाच्या कडेवर त्या सुरावटीच्या जागा शोधू लागत, हे मी पाहत होतो. खुर्चीची करकर आणि मधले बोलणे मी एरवी काढून टाकतो. तिने त्यातले काहीही कापू दिले नाही.

निघताना तिने विचारले, "काका, आईची ए तार नेमकी किती हर्ट्झला लावलेली आहे? मला माझी तशीच लावायची आहे."

मी मोजून पाहिले. हल्ली सर्रास 440 धरतात, ही थोडी उतरलेली होती. मी कागदावर 436 लिहून दिले आणि मावशीने स्वतःसाठी आणखी एक प्रत मागितली.