ले बोच्या खाणीतला प्रकाश-शो : ग्रुपने जाणार असाल तर

दक्षिण फ्रान्समध्ये ले बो-द-प्रोव्हान्स या डोंगरी गावाच्या पायथ्याशी 'कॅरिएर द ल्युमिएर' म्हणजे 'प्रकाशाच्या खाणी' आहेत. इथे चित्रकारांची चित्रं प्रोजेक्टरने भिंतींवर, खांबांवर आणि जमिनीवर मोठी करून दाखवतात. चित्रांचे असे शो आता अनेक शहरांत होतात, पण बहुतेक ठिकाणी ते सभागृहात किंवा गोदामात. इथे ते पांढऱ्या चुनखडीच्या जुन्या खाणीत होतात. दगड काढताना छत कोसळू नये म्हणून कामगारांनी मध्ये जाडजूड खांब सोडले, तेच आज पडदे झालेत. दगड पांढरा आणि खरबरीत, त्यामुळे प्रकाश चकाकत नाही, सारखा पसरतो. फ्रेंच पत्रकार आणि छायाचित्रकार आल्बेर प्लेसी यांनी 1977 साली हे ओळखून इथे चित्रं दाखवायला सुरुवात केली. सध्याचं नाव आणि रूप 2012 पासूनचं.

मुक्काम जवळच्या आव्हिन्यों किंवा आर्ल शहरात ठेवा. आव्हिन्योंहून अंतर साधारण 30 किलोमीटर, पण शेवटचा रस्ता चढाचा आणि वळणांचा. पॅरिसहून एका दिवसात जाऊन येणं जमतं, पण ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर करू नये. तिकिटं वेळ ठरवून ऑनलाइन काढा, आणि शक्यतो सकाळची पहिली वेळ घ्या. उन्हाळ्यात दुपारी पार्किंगलाच तास जातो आणि अर्धा ग्रुप दारात, अर्धा गाडीत अशी गत होते.

सगळ्यात जास्त फसगत होते ती कपड्यांत. बाहेर 35 अंश असले तरी खाणीत बाराही महिने साधारण 15 अंशांच्या आसपास गारवा असतो. उन्हातून घामेजून आत गेलेली माणसं दहा मिनिटांत कुडकुडायला लागतात. प्रत्येकाकडे स्वेटर किंवा शाल हवीच. वरून पांढरा कुडता असेल तर चित्राचे रंग अंगावर उतरतात, फोटोही छान येतात.

आत शिरल्यावर लगेच पुढे धावू नका. डोळे अंधाराला सरावेपर्यंत दोन-तीन मिनिटं भिंतीपाशी थांबा. चित्र जमिनीवरही सरकत असतं, त्यामुळे पायाखालची जमीनच हलतेय असं वाटून काहींना गरगरतं. अशा वेळी नजर खाली न ठेवता एखाद्या खांबावर स्थिर करावी. बसायला जागा मोजकीच, ती आजी-आजोबांसाठी आधी धरा. चुकामूक झाली तर भेटायची जागा खाणीच्या बाहेर ठरवा, आत फोनच्या रेंजवर विसंबू नका.

शो संपला की पुन्हा सुरू होत राहतो, म्हणून मध्येच पोचलात तरी बिघडत नाही. एकदा मधोमध उभं राहून पाहा, दुसऱ्यांदा पार मागच्या भिंतीला टेकून. मागून खांबांची खोली कळते, आणि माझ्या मते खरी मजा तिथेच आहे. फ्लॅश बंद ठेवा. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, काळं म्हणजे तिथे प्रकाश नसणं. एका फोनचा उजेडसुद्धा ते काळं राखाडी करून टाकतो. फोटो काढताना उजळ भागावर बोट दाबून एक्स्पोजर (फोटोतल्या उजेडाचं प्रमाण) लॉक करा.

शोनंतर दहा-पंधरा मिनिटं चालत वर गावात जा आणि किल्ला ऊन चढायच्या आत बघून घ्या. मिस्त्राल हा उत्तरेकडचा जोरदार वारा सुटला असेल तर टोपी पिशवीत ठेवा. दुपारी सँ-रेमी गाव गाठा, अंतर दहा-एक किलोमीटर. चित्रकार व्हॅन गॉग 1889-90 मध्ये वर्षभर तिथल्या मनोरुग्णालयात होते. 'स्टारी नाइट' त्यांनी तिथेच रंगवलं. ते मूळ चित्र आता न्यूयॉर्कला आहे, पण त्यातले डोंगर, सरूची झाडं आणि आसपासच्या ऑलिव्हच्या बागा इथे समोर दिसतात.