परत आलेला मोल्ड आणि ड्रॉइंगवर नसलेला शिम

परदेशातलं उत्पादन बंद करून प्लास्टिकचे पीस काढायचे सात मोल्ड (साचे) मायदेशी आणायचे ठरले. पहिला आला तो चार कॅव्हिटीचा, म्हणजे एका वेळी चार पीस काढणारा, 30 टक्के काचतंतू भरलेल्या नायलॉन 66 च्या पीससाठीचा. टूलरूमने (साचे दुरुस्त करणाऱ्या विभागाने) गंज काढून, साफ करून मशीनवर चढवला.

सोबत आलेली सेटिंग शीट जशीच्या तशी वापरता येत नाही. वितळलेलं प्लास्टिक ढकलणारा तिथला स्क्रू 45 मिमी व्यासाचा, आमचा 50. त्यामुळे 62 मिमीचा शॉट, म्हणजे स्क्रू पुढे सरकण्याचं अंतर, आमच्याकडे 50 मिमीवर येतो, कारण हिशेब व्यासाच्या वर्गाचा. शीटवरचं 90 बार हे हायड्रॉलिक प्रेशर होतं. आमचं मशीन प्लास्टिकवरचं प्रेशर दाखवतं, म्हणजे साधारण दहापट. एवढं आम्ही आधीच जुळवून घेतलं होतं.

तरीही तिसऱ्या कॅव्हिटीला फ्लॅश, म्हणजे कडेने बाहेर आलेला पातळ पापुद्रा. प्रेशर उतरवलं की बाकीच्या तीन शॉर्ट, म्हणजे अर्धवट भरलेल्या. क्लॅम्प (मोल्ड दाबून बंद ठेवणारा जोर) वाढवूनही फरक नाही. पहिला संशय ओलाव्यावर गेला, कारण ओलं नायलॉन पातळ होऊन कुठेही शिरतं. 80 अंशांवर चार तास वाळवलेलं मटेरियल तपासलं, ओलावा 0.2 टक्क्यांच्या आत होता.

मग मोल्ड उतरवून ब्लू, म्हणजे दोन्ही बाजू कुठे टेकतात ते दाखवणारा निळा रंग, लावला. तीन कॅव्हिटींच्या कडेला निळा रंग सलग उठला, तिसरी कोरडी. तिचा इन्सर्ट (मोल्डमध्ये बसवलेला सुटा तुकडा) काढला, तर त्याच्या पाठीवर पुसट चौकोनी ठसा. तिथे कधीतरी शिम, म्हणजे उंची जुळवायला खाली ठेवलेला पातळ पत्रा, होता. डेप्थ मायक्रोमीटरने मोजलं, इन्सर्ट 0.05 मिमी खाली बसला होता. नायलॉनला 0.02-0.03 ची फटही पुरते. साफसफाई करताना आमच्याच टूलरूमने तो पत्रा काढून टाकला होता. ड्रॉइंगवर नाही म्हणजे कचरा, असं समजून. त्यांचा दोष नाही. तिकडच्या फिटरने कधीतरी केलेली दुरुस्ती कोणी ड्रॉइंगच्या नव्या रिव्हिजनमध्ये चढवलीच नव्हती. 0.05 चा शिम घातला आणि पुढच्याच ट्रायलला चारही पीस स्वच्छ निघाले.

जीई या अमेरिकी कंपनीने 2012 मध्ये जिओस्प्रिंग या वॉटर हीटरचं उत्पादन चीनमधून अमेरिकेतल्या लुईव्हिलला आणलं, तेव्हा आतल्या तांब्याच्या नळ्यांची गुंतागुंत पाहून डिझाइनच नव्याने करावं लागलं. वस्तू बनवताना येणारी अडचण तिथल्या हातांना ठाऊक असते, कागदाला नसते. मजुरी आणि जहाजभाड्याच्या तक्त्यात हा खर्च कुठेच दिसत नाही, आणि मला तोच सगळ्यात मोठा वाटतो.

उरलेल्या सहा मोल्डसाठी पाठवण्याआधीच अटी घातल्या. शेवटच्या वेळी निघालेले पीस, रनरसकट (प्लास्टिक वाहून नेणाऱ्या वाटेत गोठलेल्या दांडीसकट), मोल्डसोबत यावेत. उघडलेल्या प्रत्येक प्लेटचा फोटो, कूलिंगच्या नळ्या कुठून कुठे जातात त्याचा नकाशा आणि सेटिंग करतानाचा व्हिडिओ हवा. इकडचे पीस मंजूर होईपर्यंत पुरेल एवढा साठा तिकडे आधीच काढून ठेवायचा. मोल्ड एकदा जहाजावर चढला की पीस कुठूनच मिळत नाही.

त्या फोटोंमध्ये आणखी दोन मोल्डांत शिम सापडले. त्यातला एक तर गेट इन्सर्टखाली, म्हणजे प्लास्टिक कॅव्हिटीत शिरतं त्या तोंडाच्या तुकड्याखाली होता.