नाडीवरचा हात

जानेवारीतली रात्र होती. दहावीच्या पूर्वपरीक्षेचे गणिताचे पेपर तपासायला घेतले होते, निम्मा गठ्ठा उरला होता. साडेअकरा वाजले असतील. अचानक छातीत काहीतरी पलटलं. तव्यावरची भाकरी पलटावी तसं. मग क्षणभर आत काहीच नाही, एकदम शांत. आणि मग एक दणका, इतका जोराचा की घशापर्यंत जाणवला. हातातला लाल पेन तसाच राहिला. मिनिटभराने पुन्हा तेच. पुन्हा ती पोकळी, पुन्हा दणका.

माझे वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी पहाटे हृदयविकाराच्या झटक्याने गेले. मी तेव्हा डी.एड.ला होते. त्यामुळे छातीत जरा काही झालं की माझ्या डोळ्यांपुढे ती पहाट येते. ह्यांना उठवलं. ह्यांनी माझा चेहरा बघितला आणि काही न विचारता गाडीची किल्ली घेतली.

ज्या दवाखान्यात गेलो तिथे ईसीजी काढला. पट्टी स्वच्छ. रक्तदाब थोडा वाढलेला. ड्यूटीवरचे तरुण डॉक्टर म्हणाले, "या वयात बायकांना होतं असं. टेन्शन घेऊ नका." सत्तेचाळीस वर्षांची बाई मध्यरात्री घाबरून येते, तेव्हा तिला 'टेन्शन घेऊ नका' एवढंच सांगून पाठवणं मला आजही पटत नाही. टेन्शन कशाचं, ते तरी सांगा. आणि ईसीजी म्हणजे जेमतेम दहा सेकंदांची नोंद. माझा चुकार ठोका येत होता मिनिटाला एखादा. म्हणजे पट्टीवर तो सापडायची शक्यता सहातली एक. हे गणित मला तेव्हा सुचलं नाही, पुढे सुचलं. त्या रात्री मी एवढंच समजले, की मला होतंय ते यंत्राला दिसत नाही, म्हणजे हे कुणालाच कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले. वय सत्तरीचं, दवाखाना जुना, घाई अजिबात नाही. त्यांनी मनगट हातात घेतलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण दोन मिनिटं नाडी बघितली. मधेच म्हणाले, "आला. आत्ता आला ना?" मी मान हलवली आणि रडायलाच लागले. दुसऱ्या कुणाच्या तरी बोटांना तो लागला होता. एवढ्याने अर्धी भीती उतरली.

त्यांनी रक्ततपासणी लिहून दिली: हिमोग्लोबिन, थायरॉईड, पोटॅशियम, मॅग्नेशियम. आणि हृदयरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी. तिकडे टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली, ट्रेडमिलवर चालवलं आणि होल्टर लावला, चोवीस तास सलग ईसीजी नोंदवणारं यंत्र. छातीला चिकटपट्ट्या, वायरी आणि कमरेला मोबाईलएवढा डबा. नॉर्मन होल्टर या अमेरिकी शास्त्रज्ञाने हे यंत्र शोधलं आणि त्याचं पहिलं रूप तीस किलोंहून जड होतं, पाठीवर बांधून फिरावं लागे, हे पुढे वाचलं तेव्हा त्या माणसाबद्दल फार आदर वाटला. डबा लावणारी मुलगी म्हणाली, "ताई, आराम करू नका हं. रोज जे करता ते सगळं करा. जिने चढा, चिडा, चहा प्या. आणि काही जाणवलं की वेळ लिहून ठेवा." मी पदराखाली तो डबा लपवून, वर स्वेटर घालून शाळेत गेले. चार तास घेतले. डायरीत एकतीस नोंदी केल्या.

रिपोर्ट आला. चोवीस तासांत एकूण ठोके १,०४,२१६. त्यातले अवेळी आलेले, ज्याला डॉक्टर व्हीपीसी म्हणतात, ते १,३४०. सगळे एकाच जागेवरून आलेले, सगळे एकेकटे, सलग मालिका एकही नाही. इकोमध्ये हृदयाची रचना उत्तम, पंपिंग ६२ टक्के, म्हणजे नॉर्मल. ट्रेडमिलवर वेग वाढला तसे हे ठोके नाहीसे झाले, थांबल्यावर एखाददुसरा आला. रक्तात फक्त एक गोष्ट सापडली, हिमोग्लोबिन कमी, ९.४.

तज्ज्ञांनी समजावलं ते मी शाळेच्या भाषेत माझ्यापुरतं मांडून घेतलं. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींची एक छोटी गाठ प्रत्येकालाच असते, तिथून ठोक्याचा इशारा निघतो. ती म्हणजे घड्याळ बघून घंटा देणारे आमचे शिपाईमामा. कधीतरी खालच्या कप्प्यातली एखादी पेशी मधेच स्वतः इशारा देते. एखाद्या पोराने तास संपायच्या आधीच घंटा वाजवावी तसं. मग वर्गात गोंधळ होतो, मामांची खरी घंटा त्यात वाया जाते आणि सगळे पुढच्या घंटेची वाट बघत बसतात. ती वाट बघणं म्हणजे मला जाणवणारी पोकळी. तेवढ्या वेळात हृदयात नेहमीपेक्षा जास्त रक्त भरतं, म्हणून पुढचा ठोका ते जोरात ढकलतं. तो दणका. म्हणजे मला घाबरवणारा दणका हा बिघडलेला ठोका नव्हताच. तो नीट, वेळेवर आलेला, भरलेल्या हृदयाचा ठोका होता.

"पण झोपेत थांबलं तर?" मी विचारलंच. ते म्हणाले, "ताई, तुमच्या वडिलांची रक्तवाहिनी तुंबली होती. तुमचं तसं नाही. निरोगी हृदयात असे थोडे ठोके त्रास देतात, धोका देत नाहीत. एकूण ठोक्यांच्या दहा टक्क्यांच्या वर गेले आणि तसेच राहिले तर स्नायू थकू शकतो, मग औषधं, कधी अब्लेशन, म्हणजे चुकार इशारा देणारी जागा निकामी करणं. तुमचे किती आहेत?" मी तोंडी हिशेब केला. सव्वा टक्क्याच्या जरा वर. ते हसले. म्हणाले, फारच त्रास झाला तर बीटा ब्लॉकरची, म्हणजे ठोके शांत करणारी छोटी गोळी देता येईल, पण आत्ता गरज दिसत नाही.

शेवटी त्यांनी माझी एकतीस नोंदींची डायरी रिपोर्टशेजारी ठेवली. एकतीसपैकी बारा वेळा यंत्रात काहीच नव्हतं, ठोके सरळ चालले होते. आणि तेराशे चाळीसपैकी तेराशेच्या वर ठोके मला कळलेसुद्धा नव्हते. ह्याचा अर्थ लागायला मला पुढचे कित्येक महिने लागले.

कारण रिपोर्ट नॉर्मल आला एका दिवसात. त्यावर विश्वास बसायला वर्ष गेलं.

घरी आल्यावर मी आमच्या साताऱ्याच्या अजिंक्यतारा गडावर जाणं बंद केलं. दहा वर्षांची सवय होती, पहाटे साडेपाचला निघायचं, चढ संपवून दरवाजापर्यंत जाऊन यायचं. आता वाटेत काही झालं तर? सासूबाईंनी धुणं, पाण्याची बादली उचलणं, सगळं माझ्या हातून काढून घेतलं. प्रेमाने, पण त्याने मी आजारी आहे हे पक्कं होत गेलं. डाव्या कुशीवर झोपणं सोडलं, कारण त्या कुशीवर हृदय छातीच्या भिंतीला टेकतं आणि प्रत्येक ठोका ऐकू येतो. भाच्याने मनगटावर बांधायचं स्मार्ट घड्याळ दिलं, तीस सेकंदांचा ईसीजी काढणारं. मी दिवसाला वीस-पंचवीस वेळा काढायला लागले. चांगला आला की पाच मिनिटं बरं वाटायचं. सहाव्या मिनिटाला पुन्हा बोट घड्याळावर.

आणि मानेवर हात. सतत. जबड्याच्या खाली डाव्या बाजूला दोन बोटं, नाडी चालू आहे ना बघायला.

एक दिवस नववीच्या वर्गात फळ्यावर बहुपदींचा भागाकार लिहीत होते. पहिल्या बाकावरची मुलगी तास संपल्यावर जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, गळ्याला खडू लागलाय. रोजच लागतो." स्टाफरूमच्या आरशात बघितलं. डाव्या बाजूला, जबड्याखाली, खडूने पांढरी झालेली दोन बोटं उमटली होती. एकावर एक, एकावर एक, किती वेळा ते सांगता येऊ नये इतकी. बोटांच्या रेषासुद्धा दिसत होत्या. मी ओल्या रुमालाने ते पुसलं आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की त्रास ठोक्यांचा थोडा आहे आणि ह्या हाताचा जास्त.

त्याच संध्याकाळी वहीच्या मागच्या पानावर मी ताळ्याच्या खुणा करायला घेतल्या, मुलांना सांख्यिकीत शिकवते त्या, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. ठोक्यांच्या नाही. हात मानेकडे किती वेळा गेला, त्याच्या. पहिल्या दिवशी त्र्याहत्तर.

फॅमिली डॉक्टरांना वही दाखवली. त्यांनी ती नीट बघितली आणि एकच नियम दिला. नाडी बघायची, पण दिवसातून एकदा, सकाळी सात वाजता, पूर्ण एक मिनिट. बाकी वेळी हात जायला लागला की दहा मिनिटं थांबायचं. दहा मिनिटांनी बघायचंच असेल तर बघा. ते पहिले आठ दिवस फार कठीण गेले, खोटं कशाला सांगू. दणका बसायचा, अंगाला घाम सुटायचा आणि मी दोन्ही हातांनी ओट्याची कड धरून उभी राहायचे. मग सवयीने एक गोष्ट सापडली. दणका बसला की उभं राहायचं नाही, चालायला लागायचं. वर्गात असले तर बाकांमधून फेरी मारायची. घरी असले तर गॅलरीत जाऊन कपड्यांच्या घड्या. श्वास सावकाश सोडायचा, घ्यायच्या वेळेपेक्षा सोडायला जास्त वेळ. ठोका त्याने थांबतोच असं नाही. पण त्याच्यामागे धावणारी भीती ढिली पडते आणि भीती ढिली पडली की पुढचे ठोकेही विरळ होतात, हे मी स्वतः अनुभवलं. घड्याळ काढून कपाटात पैठणीच्या खाली ठेवून दिलं.

महिन्याच्या शेवटी खुणा बारावर आल्या.

अजिंक्यताऱ्याचं मात्र एकदम जमलं नाही. आधी ह्यांच्यासोबत गडाच्या वाटेवरच्या 'चार भिंती' या स्मारकापर्यंत. तिथे बसून खाली पसरलेला सातारा बघायचा आणि परत. मग गडाच्या रस्त्याच्या पहिल्या वळणापर्यंत. ट्रेडमिलवर वेग वाढल्यावर ठोके गेले होते हे मी चढताना स्वतःला आठवून द्यायची. आणि खरंच, चढावर छाती अगदी सुरळीत चालायची. वर दगडावर बसून पाणी प्यायला लागले की एक दणका यायचा. एप्रिलमध्ये दरवाजापर्यंत पोचले. दगडी चौकटीला हात लावून खूप वेळ उभी राहिले.

कशाने वाढतात, तेही हळूहळू उमगलं. हे ज्याचं त्याचं वेगळं असतं, म्हणून माझ्यापुरतं सांगते. स्टाफरूममधला सहा-सात कप चहा दोनवर आणला, त्याने मला फरक पडला. आमच्या मराठीच्या मॅडमनाही हाच त्रास आहे, त्यांना चहाने काही होत नाही. रात्री दहानंतर जेवून लगेच आडवं झालं की हमखास. चतुर्थीच्या उपासाला तर दिवसभर, कारण पाणी कमी, झोप कमी आणि पोटात नुसता चहा. आता उपास करते, पण ताक, शहाळं, राजगिरा असं वेळेवर घेते. पाळीच्या आधीचे चार दिवस जास्त येतात आणि पाळी जायच्या वयात अशी धडधड पुष्कळ जणींना होते, हे डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. तेच वाक्य त्या पहिल्या रात्री कुणीतरी दोन मिनिटं बसून सांगायला हवं होतं. एकदा सर्दीची साधी गोळी घेतली आणि रात्रभर ठोके उड्या मारत राहिले. नाक मोकळं करणाऱ्या औषधाने असं होऊ शकतं, म्हणून आता सर्दीलाही विचारूनच गोळी घेते. आणि हिमोग्लोबिन. लोहाच्या गोळ्या चार महिने घेतल्या, १२ च्या पुढे गेलं. जिना चढताना लागणारी धाप गेली, थकवा गेला. इतकी वर्षं मी ते अंगावर काढलं होतं. आपल्याकडे बायका ते अंगावरच काढतात. छातीत धडधडतंय म्हणणाऱ्या प्रत्येक मैत्रिणीला मी आता पहिलं हेच विचारते, हिमोग्लोबिन किती आहे?

दुसरं सांगते ते हे, की माझं निरुपद्रवी निघालं ते तपासण्या झाल्यावर. आधी नाही. डॉक्टरांनी मला काही गोष्टी लिहून दिल्या आहेत, त्या शाळेच्या डायरीत चिकटवलेल्या आहेत. शुद्ध हरपली, डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीत दुखलं, बसल्या जागी धाप लागली, चालताना ठोके कमी व्हायच्या ऐवजी वाढले, किंवा एकेक न येता सलग धावत सुटले, तर वाट बघायची नाही, सरळ दवाखाना. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर तेही डॉक्टरांना आधीच सांगायचं. ह्यातलं काहीही असेल तर माझा अनुभव बाजूला ठेवा आणि आधी तपासून घ्या.

यंदाच्या जानेवारीत, वर्षाने, पुन्हा होल्टर लावला. त्या दिवशी शाळेत स्नेहसंमेलनाची तालीम होती, मुलांच्या गराड्यात दिवस गेला. रिपोर्ट घ्यायला आम्ही दोघं गेलो. ह्यांनी कागद आधी घेतला, वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. "अगं, वाढलेत. सोळाशे अकरा."

मी कागद हातात घेतला. खरंच, १,६११. तज्ज्ञ म्हणाले, हा आकडा दिवसागणिक खाली-वर होतोच, एवढ्या फरकाला अर्थ नाही; इको पहिल्यासारखाच उत्तम आहे. मग त्यांनी डायरी मागितली. मी उघडून दिली. चार नोंदी होत्या. त्यातली शेवटची रात्री दहाची, अंथरुणात, डाव्या कुशीवर.

बाहेर पडलो तेव्हा ऊन उतरलं होतं. ह्यांनी विचारलं, "सरळ घरी?" मी म्हटलं, नको, मोती चौकातून जाऊ. तिथे थांबून अर्धा किलो कंदी पेढे घेतले.