आबांच्या येझदीपासून वायरिंगच्या दुकानापर्यंत: आमची वाटचाल

आमचं दुकान सुरू झालं ते आबांच्या येझदीमुळं. कोल्हापुरात उद्यमनगर या कारखान्यांच्या भागाच्या मागं आमचं घर, पडवीत ती जुनी मोटरसायकल, आणि रोज संध्याकाळी एकच तक्रार, लाइट मिणमिणतोय. ६ व्होल्टची, डायनॅमोवाली गाडी, तिचं इग्निशनपण बॅटरीवरच, त्यामुळं बॅटरी बसली की नुसता अंधार नाही तर गाडी ढकलत घरी आणायची पाळी. आबा रात्रपाळीहून यायचे आणि दर दोन-चार दिवसांनी बॅटरी चार्जिंगला टाकायचे. मी तेव्हा आयटीआय करून मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला होतो, एका रविवारी म्हटलं आज हिचं मूळ शोधायचंच.

सापडलं कटआऊटमध्ये, म्हणजे डायनॅमो आणि बॅटरी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या आपोआप चालणाऱ्या स्विचमध्ये. पॉइंट चिकटलेले, त्यामुळं गाडी उभी असली तरी बॅटरीतला करंट उलटा डायनॅमोतून जात होता. ते साफ केलं, डायनॅमोचे कार्बन (ब्रश) बदलले, चार्जिंग आलं, पण लाइट तरी मंदच. मग मीटर लावून बॅटरी ते बल्ब असा एकेक जॉइंट मोजत गेलो आणि तिथं मला खरं कळलं. ३५ वॅटचा बल्ब ६ व्होल्टवर जवळजवळ ६ ॲम्पिअर ओढतो, वायर आणि स्विच मिळून ०.१ ओहम जरी धरला तरी ०.६ व्होल्ट वाटेतच गेले, म्हणजे दहा टक्के. तोच बल्ब १२ व्होल्टचा घेतला तर ३ ॲम्पिअर आणि ०.३ व्होल्ट, म्हणजे अडीच टक्के. त्या दिवशी ठरवलं गाडी १२ व्होल्ट करायची.

पहिल्यांदा केली तेव्हा चूक झाली ती सांगतोच. रेग्युलेटर १२ व्होल्टचा इलेक्ट्रॉनिक घेतला, इग्निशन कॉईल, हॉर्न, बल्ब सगळं बदललं, पण वायर घरात पडलेली बारीक वापरली आणि फ्यूज टाकला नाही. दहा-बारा दिवसांनी हँडलच्या मानेशी वायर घासून फ्रेमला लागली आणि आबांच्या हाताशी धूर निघाला. आबा काही बोलले नाहीत, गाडी बाजूला घेतली आणि बॅटरीची वायर उपटली. त्यानंतर आजपर्यंत बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज नसलेली एकही गाडी आमच्याकडून गेलेली नाही. चार्जिंगची मेन वायर अडीच स्क्वेअर एमएम, हेडलाइटला दीड, आणि इंजिनवरून बॅटरी मायनसला वेगळी अर्थ (अर्थिंगची) वायर, फ्रेमच्या भरवशावर राहायचं नाही. फ्रेमला रंग असतो, गंज असतो, तिथंच निम्मे व्होल्ट अडकतात.

येझदी बघून गल्लीतले लोक स्प्लेंडर घेऊन यायला लागले. एक काका आले, त्यांनी तीन बॅटऱ्या बदललेल्या, दर वेळी सांगितलं गेलं बॅटरीच खराब. मी मोजलं तर बॅटरी ठीक होती, चार्जिंगच पुरत नव्हतं, कारण त्यांनी जादा एलईडी दिव्यांची पट्टी (बार) लावलेली. जुन्या स्प्लेंडरला हेडलाइट थेट मॅग्नेटच्या, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या चुंबकाच्या, एसीवर चालतो, कॉईलचं एक टोक ती बसते त्या प्लेटला अर्थ असतं आणि बॅटरीला एसीची अर्धीच वेव्ह मिळते, म्हणून रेस कमी केली की लाइटपण कमी. त्यावर उपाय म्हणजे ते अर्थ केलेलं टोक प्लेटपासून सोडवून वेगळ्या वायरनं बाहेर काढायचं आणि दोन्ही टोकं फुल वेव्ह आरआर युनिटला (रेग्युलेटर-रेक्टिफायर, एसीचं डीसी करून व्होल्ट आवरणारा) द्यायची. मॅग्नेट पुलरनंच (ओढून काढायच्या हत्यारानं) काढायचा, हातोडा मारायचा नाही, आणि नवीन जॉइंटला उष्णता सोसणारी फायबर ग्लासची स्लीव्ह घालायचीच. आणि हेडलाइटला जाणारी जुनी पिवळी वायर आरआरपासून काढून हेडलाइट रिलेतून (लहान करंटनं चालणाऱ्या स्विचमधून) बॅटरीवर घ्यायचा, हे विसरलं तर बल्बातून करंट परत फ्रेमला जातो आणि सगळी मेहनत वाया. शेवटी मीटर, एक टोक कॉईलला, दुसरं बॉडीला, कंटिन्युटी (दोघांत जोड) अजिबात यायला नको, आणि रेस वाढवली की बॅटरीवर १४.२ ते १४.५ च्या आसपास दिसायला पाहिजे. १५ च्या वर गेलं तर आरआर बदलायचा, नाहीतर बॅटरी उकळते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानं मात्र आमचा धंदा बदलला. चिखली, आंबेवाडीकडच्या गाड्या दिवसचे दिवस पाण्याखाली होत्या. लोक इंजिन साफ करून घ्यायचे, ऑइल बदलायचे, गाडी चालू व्हायची, आणि दोन महिन्यांनी एकेक लाइट बंद पडायला लागायचा. वायर सोलून बघितलं तर आतली तांब्याची तार हिरवी-काळी, कळंक कपलरपासून (वायरी जोडायच्या प्लगपासून) पार हातभर आत शिरलेला. असली वायर जोडत बसण्यात अर्थ नाही, अख्खं वायरिंगच नवीन पाहिजे. तेव्हा पडवी पुरेना. सौ.नं प्लायवूडच्या फळीवर एका चांगल्या वायरिंगचा नकाशा काढला, प्रत्येक वळणावर खिळा ठोकला, त्यावर वायरी ओढून बांधायला सुरुवात केली, आणि खरं सांगतो दुकान त्या फळीनं उभं केलं, मी नाही. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं तेव्हा आमच्याकडं तीन फळ्या होत्या आणि गल्लीतल्या दोन ताई कामाला होत्या. क्रिम्पिंग, म्हणजे वायरीच्या टोकाला धातूची लग दाबून बसवणं, त्यांच्या हातचं इतकं पक्कं की ओढून बघा, वायर तुटेल पण लग निघणार नाही.

आता आमची वायरिंग पार्सलनं बाहेरगावी जातात, घरी बसून स्वतः बसवणारे खूप आहेत आणि ते मला फार आवडतं. सोबत कागद देतो, त्यात कुठं मीटर लावायचा आणि किती आकडा यायला पाहिजे ते लिहिलेलं असतं. आरआरच्या प्लसपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत गाडी चालू असताना मधल्या वायरीत ०.२ व्होल्टच्या वर गळती दिसली तर फोन करा म्हणून सांगतो, लोक करतात, रात्री दहालापण करतात. वॉरंटीतल्या नव्या गाडीला मात्र आम्ही हात लावत नाही, कितीही पैसे दिले तरी.

सध्या येझदीवरच काम चाललंय. त्या डायनॅमोला १२ व्होल्ट काढायला फिरावं जास्त लागतं, म्हणून ट्रॅफिकमध्ये हळू चालताना चार्जिंग मिळत नाही, ही उणीव सुरुवातीपासून मला सलते. डायनॅमो काढून त्या जागी मॅग्नेटवाला अल्टरनेटर बसवायचा ब्रॅकेट उद्यमनगरातच टर्न करून घेतलाय, फिटिंग एका केसानं बाहेर आहे, परत टर्नरकडं दिलाय. पहिला आबांच्याच गाडीवर बसवायचा, आबा एवढंच म्हणाले, फ्यूज टाकलास का बघ.